मंदे, आमचा चहा वेगळा निघाला

प्रिय मंदे,

तुझी संत्रा बर्फी पोचली, संपली, डबा घासून वर गेला आणि मी तुला साधं 'पोचली' एवढंही कळवलं नाही. रुसली असशील. रूस, पण आधी हे वाच. दुसऱ्या कुणाला सांगायला गेले तर म्हणतील, हिला काही कामधंदा नाही का.

श्रीला केटल हवी आहे. साधी नाही, डिग्री लावता येणारी. आणि ती निवडायचं काम माझ्या गळ्यात, कारण 'तू फिजिक्सची'.

तब्येती बऱ्या. माझी शुगर काठावर, त्याचं बीपी गोळीवर, सासूबाई ठणठणीत.

तर श्री जानेवारीत रिटायर झाला. नंतरचे महिने कसे गेले ते फोनवर सांगितलं नाही, आताही फार सांगत नाही. पेपर, गॅलरी, पुन्हा तोच पेपर. काही विचारलं की 'हं'. मग एप्रिलअखेर जुन्या ऑफिसच्या मंडळींबरोबर दार्जिलिंगला गेला, येताना फर्स्ट फ्लशची पाकिटं घेऊन आला आणि माणूस बोलायला लागला! दिवसभर. तळहातावर ती हिरवट-करडी पानं घेऊन मला दाखवतो, ही थंडीनंतरची पहिली तोडणी, हिला उकळायचं नाही, दूध नाही, साखरेचं तर नावच नको. इतकी वर्षं चार वाजता आमच्याकडे गॅसवर एकच पातेलं चढायचं. आलं, गवती चहा, म्हशीचं दूध. आता मी माझा उकळते आणि तो मोबाइलवर तीन मिनिटांचा गजर लावून पानं भिजवत बसतो. त्या तीन मिनिटांत बोलायचं नाही. चूल एकच आहे गं, पण चहा वेगळा निघाला. सासूबाईंनी त्याच्या कपात डोकावून विचारलं, "हा काढा कुणाला?"

त्याचं म्हणणं चूक नाही, हीच तर पंचाईत आहे. उकळत्या पाण्यात कडवट-तुरट घटक आणि कॅफीन भराभर उतरतात आणि नाजूक पानाची चव त्याखाली दबते. फर्स्ट फ्लशला ८५-९० डिग्री बरं, सेंचा या जपानी हिरव्या चहाला ७०-८०, आणि त्यातलाच तो महागडा ग्योकुरो तर ५०-६० ला, म्हणजे आपल्या आंघोळीच्या पाण्याहून थोडंच गरम! आपली रोजच्या चहाची सीटीसी पावडर यात बसतच नाही. ती दाणेदार केलीय तीच मुळी चटकन आणि कडक उतरावी म्हणून. तिला दुधात रटरटवली तरच ती खूश.

पण मंदे, ८५ डिग्रीला केटल कशाला लागते? पाणी उकळा आणि थांबा! शाळेच्या लॅबमधून थर्मामीटर आणलं, अर्धा लिटर पाणी उकळून गॅस बंद केला आणि दर मिनिटाला रीडिंग घेतलं. न्यूटनबाबा अजून चालतात. आधी पारा भराभर उतरतो, मग रेंगाळतो. त्यात चिनी मातीच्या गार किटलीत नुसतं ओतलं की ओतण्यातच सात-आठ डिग्री जातात. वीज नको, खर्च नको. मी आलेख काढून श्रीपुढे ठेवला. त्याने तो नीट पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाला, "तू सगळ्याचं प्रॅक्टिकल करतेस." आणि गॅलरीत जाऊन बसला. रात्री जेवेपर्यंत 'हं'.

अगं, हे वाक्य तुझं आहे! सेकंड इयर, हेच प्रॅक्टिकल. तू घड्याळाकडे न बघता मनानेच आकडे लिहिलेस, आणि तुझा आलेख इतका गुळगुळीत आला की सरांनी तो खिडकीच्या उजेडात धरून आख्ख्या बॅचला दाखवला. मग पार्टनर म्हणून मलाही पुन्हा सगळं करायला लावलं. वर तूच मला सुनावलंस. किती दिवस बोलले नव्हते मी तुझ्याशी! अजूनही माझंच बरोबर होतं असं माझं मत आहे. पण श्री उठून गेला तेव्हा तुझाच चेहरा आठवला. आणि रॉडवर लोट्यात केलेली ती कॉफी. फ्यूज कुणामुळे उडाला यावर आज बोलायचं नाही.

तर आलेख गेला रद्दीत, केटल घ्यायची. पण घ्यायची तर धड घ्यायची.

त्याचं मन बसलंय ते बगळ्यासारखी मान असलेल्या केटलवर. ती मान कॉफीवाल्यांसाठी असते, कागदी फिल्टरवर बारीक धार धरायला. पानं किटलीत टाकून वरून पाणी ओतायचं तर तिचा काय उपयोग? उलट धार बारीक म्हणून किटली भरायला उशीर. हे मी बोलले नाही. बघ, सुधारतेय.

दुसरं, त्याला एकेक डिग्री लावता येणारी हवी. साध्या केटलचं सोपं असतं. वाफ एका वाटेने स्विचपाशी जाते, तिथली दोन धातूंची पट्टी वाकते आणि खटका पडतो. तिला उकळी तेवढी कळते, ८० कळत नाही. डिग्रीवालीत सेन्सर असतो, बहुतेक बुडाशी, आणि वीज तुटली तरी तापलेलं बूड पाण्याला आणखी दोन-तीन डिग्री वर नेतं. पाणी थोडं असेल तर जास्तच. मग ८४ आणि ८५ मधला फरक कुणासाठी? ७०, ८०, ९० अशी बटणं असली की पुष्कळ झालं.

खरं बघायचं असतं ते कुणी बघतच नाही. किमान पाण्याची रेघ. बऱ्याच केटलना अर्धा लिटर तरी लागतंच, आणि हा पिणार एक कप. उरलेलं पाणी दिवसभर पुन्हा पुन्हा तापवणार! दुसरं, प्लग. १५०० वॉट म्हणजे साडेसहा अँपिअर, तिला जाड पिनांचा पॉवर पॉइंट हवा. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हने अडवलाय, आणि साहेबांना केटल हवी गॅलरीत, तिथे आहे साधा पाच अँपिअरचा. तिसरं, आमचं टँकरचं पाणी. बादल्यांवरसुद्धा पांढरा थर धरतो, मग केटलच्या बुडाचं काय? दर पंधरवड्याला लिंबाचं सत घालून पाणी उकळायचं, हे काम कोण करणार ते तूच सांग. आणि दार्जिलिंगचा चहा जड पाण्यात मचूळच लागतो, त्याला फिल्टरचंच पाणी हवं. "यात दूध तापेल का?" हे सासूबाईंचं. नाही तापणार, बुडाला करपेल, उतू जाईल, वास जाणार नाही.

एक गंमत मात्र श्रीला सांगितली आणि तो हसला. पुणं साडेपाचशे मीटरवर, इथे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. केटलवर १०० दिसलं तर ती थाप. दार्जिलिंग दोन हजार मीटरवर, तिथे ९३ लाच उकळी. म्हणजे तिथल्या घरात केटल न घेताच यांची अर्धी मागणी पुरी होते! मग मी आणखी ताणलं. चहा चाखून तुलना करण्याची आयएसओची पद्धत आहे, १९८० पासूनची. तीत १०० मिलीला दोन ग्रॅम पानं, उकळतंच पाणी, सहा मिनिटं. श्री म्हणाला, "ते दोष काढायला. मी प्यायला बसतोय." याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी ऑर्डर टाकली. आतून पूर्ण स्टीलची, एक लिटरची, ३०० मिलीवर चालणारी, दहा-दहा डिग्रीची बटणं. साध्या केटलच्या तिप्पट किंमत. मान? मान लांबच घेतली. गॅलरीत पॉवर पॉइंट काढायला वायरमन शनिवारी येतोय. ज्याचा आलेख मी काढून दाखवला तेच मी पैसे मोजून घेतेय, हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

आता तुझं. गौरीचं ठरलं हे वहिनींकडून कळलं, तुझ्याकडून नाही, म्हणजे फिटंफाट. मुलगा बोलतो का बरा? 'हं' म्हणणारा नको. गुडघा दाखवलास की नाही? फ्लॅटचं पझेशन मिळालं का? लग्नाची तारीख कळव, रिझर्व्हेशन करते.

आणि एक काम कर. श्री विचारतोय नागपूरला पाणी किती डिग्रीला उकळतं. तुम्ही तीनशे मीटरवर, ९९ च्या आसपास यायला हवं. थर्मामीटर लावून बघ आणि कळव. मनाने लिहू नकोस.

तुझी,
निमा