पोटात दुखतंय म्हणणारा मुलगा

मिरज, रविवार रात्र

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू विचारलंस, मी इतका गप्प का. तेव्हा बोलणं जमलं नाही, म्हणून लिहितोय.

गेल्या आठवड्यात 14 वर्षांचा एक मुलगा आला. पहाटे 4 वाजता कळ येऊन उठला, दोनदा उलटी. गावात गॅस समजून इंजेक्शन दिलं. दुखत होतं खाली, पण लाजेपायी पोरगं सगळ्यांना पोटच सांगत राहिलं. दुसऱ्या दिवशी चालवेना तेव्हा वडिलांपाशी बोललं. माझ्या टेबलावर आला तेव्हा 30 तास उलटले होते. वृषणाला पीळ पडून रक्तपुरवठा थांबला होता. पीळ सोडवला, कोमट सलाईनच्या बोळ्यात वृषण गुंडाळून वाट पाहिली. रंग काळा तो काळाच. काढावं लागलं. दुसरं टाके घालून जागेवर पक्कं केलं, कारण ते सैल लोंबण्याचा दोष बहुधा दोन्हीकडे असतो.

वडिलांनी एवढंच विचारलं, "कालच आणला असता तर?" मी खरं ते सांगितलं.

सुहास, जतमध्ये असं पोरगं आधी तुझ्याकडेच येणार. वयात येणारा मुलगा, एकाएकी पोटदुखी, उलटी, की चड्डी उतरवून बघच. आधी आईला बाहेर बसव, मग विचार. वृषण वर ओढलेलं, आडवं झालेलं, मांडीच्या आतून बोट फिरवल्यावर जराही न उचलणारं असेल, तर पीळच समज. लहान मुलात, सात ते बाराच्या, वरच्या टोकाला वाटाण्याएवढी दुखरी गाठ आणि कातडीतून निळा ठिपका दिसला, तर फक्त उपांग, म्हणजे वृषणाला लागून असलेला छोटा कोंब, पिळलेलं असतं. ते विश्रांती आणि वेदनाशामकावर बरं होतं. पण खात्री नसेल तर संसर्ग समजून अँटिबायोटिक देऊन 'उद्या या' म्हणू नकोस. रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉपलर सोनोग्राफीसाठीही अडकवून ठेवू नकोस. 6 तासांच्या आत पीळ सुटला तर वृषण बहुतेक वेळा वाचतं, 24 तासांनंतर क्वचितच. त्या 6 तासांतले दीड-दोन तास तर रस्त्यातच जातात. काही खायला-प्यायला न देता गाडीत बसव, मला फोन कर. मी थिएटर तयार ठेवतो.

आणि दुखून आपोआप थांबलेलाही पाठव. या मुलाला महिनाभरापूर्वी मैदानावर असंच दुखून थांबलं होतं, हे त्यानं मला ऑपरेशननंतर सांगितलं. मग हळूच विचारलं, "मला पुढे मुलं होतील ना?" होतील म्हणालो, एक निरोगी वृषण पुरतं. तरी तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता.

उद्या तो तपासून घ्यायला येणार आहे.

तुझा,
अनिल