दोरी तुटली ती हाताळणीमुळे नव्हे, न बसवलेल्या बुशमुळे

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : २५ मिमी अ‍ॅल्युमिनियम पट्ट्यांच्या ब्लाइंडच्या दोऱ्या तुटणे, वॉरंटी नाकारणे व चुकीचा दुरुस्ती संच पाठवणे याबाबत.

महोदय/महोदया,

आपल्या कंपनीच्या १२० सेंमी रुंद, १५० सेंमी उंच ब्लाइंडच्या (खिडकीवरच्या पट्ट्यांच्या पडद्याच्या) तीन दोऱ्यांपैकी मधली आणि डावी अशा दोन दोऱ्या तुटल्या आहेत. दोन्ही एकाच जागी तुटल्या : वरच्या हेडरेलमधून, म्हणजे पट्ट्या टांगलेल्या आडव्या पेटीतून, खाली पट्ट्यांत उतरतात तिथे. आपल्या तंत्रज्ञाने अहवालावर ‘अयोग्य हाताळणी’ असा शेरा मारला आणि तेवढ्यावर वॉरंटी नाकारण्यात आली. हा शेरा मला मान्य नाही.

हेडरेल पोलादी पत्र्याचा आहे. दोरी जिथून खाली येते त्या पंच केलेल्या भोकात प्लॅस्टिकचा बुश, म्हणजे दोरीला पत्र्याची कड लागू न देणारी कडी, असायला हवा. उजव्या भोकात तो आहे, मधल्या व डाव्या भोकांत नाही. त्या दोन्ही ठिकाणी कडेचा रंग खरवडून पत्रा उघडा पडला आहे आणि पंच मारताना राहिलेली धार नखाला लागते. तुटलेली टोकेही पाहावीत. वेणीचे धागे एका बाजूने आखूड कापले गेले आहेत, दुसऱ्या बाजूचे लांब राहिले आहेत, आणि कापलेल्या बाजूवर करडी रेघ आहे. ताण बसून तुटलेली दोरी अशी दिसत नाही. बुश असलेली उजवी दोरी मात्र गुळगुळीत आहे. ब्लाइंड तोच, ऊन तेच, ओढणारा हातही तोच. मग दोनच दोऱ्यांची ‘अयोग्य हाताळणी’ कशी झाली, हे अहवालात कुठेही सांगितलेले नाही.

वजनाचाही प्रश्न नाही. अशा सुमारे ७० पट्ट्या आणि खालची रेल मिळून दीड किलोच्या आसपास भरते, म्हणजे ब्लाइंड पूर्ण वर असतानाही एका दोरीवर साधारण अर्धा किलो. १.४ मिमीची पॉलिस्टरची विणलेली दोरी एवढ्याने तुटत नाही. उन्हाने कुजली म्हणावे, तर पट्ट्या धरणाऱ्या शिडीदोरीचे बारीक धागे आधी गेले असते. ते सर्व शाबूत आहेत. ‘दोरी तिरपी ओढली’ असे म्हणावे, तर तो मुद्दा आपल्याच माहितीपत्रकाविरुद्ध आहे, कारण कॉर्ड लॉक (ब्लाइंड हव्या उंचीवर राहावा म्हणून दोऱ्या धरून ठेवणारा खटका) सोडवायला दोरी तिरपी ओढावी असे त्यातच छापले आहे. तिरप्या ओढीने झीज झालीच तर ती लॉकपाशी होईल, लॉकपासून ५५ आणि १०० सेंमीवरच्या भोकांत नाही.

तंत्रज्ञाने तुटलेल्या दोऱ्यांना गाठी मारून दिल्या. मधले भोक लॉकपासून ५५ सेंमीवर आहे. त्यामुळे ब्लाइंड तेवढा वर गेला की मधली गाठ लॉकच्या पिनेपाशी येऊन अडकते. पुढे ओढल्यास पिन वाकेल. शिवाय तिन्ही दोऱ्या खाली एकत्र बांधून ठेवल्या आहेत. लॉक आणि ही खालची गाठ यांच्यामध्ये त्याने फास तयार होतो, आणि लहान मुलांच्या गळ्याला तो धोकादायक असतो. ही दुरुस्ती करण्यापेक्षा न केलेली बरी होती.

नंतर आलेल्या दुरुस्ती संचात ३ मीटरचे तीन तुकडे होते. प्रत्येक दोरीला १५० सेंमी उंची, भोकापासून लॉकपर्यंतचे अंतर (उजवीला १०, मधलीला ५५, डावीला १०० सेंमी), बाहेर लोंबणारी किमान १०० सेंमी आणि गाठींसाठी १० सेंमी लागतात. म्हणजे उजवीला २७०, मधलीला ३१५ आणि डावीला ३६० सेंमी. तीनपैकी एकच तुकडा पुरतो. जोड देता येत नाही, तो लॉकमध्ये अडतो. व्हर्निअरने मोजली तर ही दोरी १.८ मिमी जाड भरते. ती या लॉकच्या रोलरमध्ये दाटून बसते आणि ब्लाइंड स्वतःच्या वजनाने खाली येत नाही. संचात बुश एकही नाही! धार तशीच ठेवून नवी दोरी घालणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तीही त्याच जागी कापली जाणार.

सोबतच्या सूचनापत्रकातही दोन चुका आहेत. आकृतीत दोरी शिडीच्या सर्व आडव्या धाग्यांच्या एकाच बाजूने उतरवली आहे. ती एका धाग्याच्या डावीकडून आणि पुढच्याच्या उजवीकडून, अशी आलटून पालटून जायला हवी. नाहीतर पट्ट्या बाजूला सरकतात. दुसरे म्हणजे सर्व पट्ट्या काढून पुन्हा ओवायला सांगितले आहे. त्याची गरज नाही. दोरी हेडरेलच्या भोकापाशी तुटलेली असल्याने खालचा भाग पट्ट्यांतच आहे. तंत्रज्ञाने मारलेली गाठ सोडून, नव्या दोरीचे टोक त्याच्या वरच्या टोकाला वितळवून समोरासमोर चिकटवावे, वर पातळ टेपचा एक वेढा द्यावा आणि खालून हळू ओढावे. विणही आपोआप तशीच राहते. मात्र नवी दोरी आधी बुशमधून घ्यावी लागते, नंतर बुश बसवता येत नाही. खालच्या गाठी ब्लाइंड पूर्ण खाली सोडून, रेल समपातळीत ठेवूनच माराव्यात. पत्रकात याचा उल्लेखच नाही.

माझ्या मागण्या अशा : ‘अयोग्य हाताळणी’ हा शेरा लेखी मागे घ्यावा व दुरुस्ती वॉरंटीत धरावी. १.४ मिमीची १० मीटर अखंड दोरी, मापाचे दोन बुश आणि तिन्ही दोऱ्यांसाठी स्वतंत्र गोंडे पाठवावेत. बुश बसवण्याआधी दोन्ही भोकांची धार कानशीने मारावी लागेल. हे काम आपला माणूस करणार नसेल, तर हेडरेल उघडल्याने वॉरंटी रद्द होणार नाही असे पत्र द्यावे. गाठी मारण्यासाठी घेतलेले सेवाशुल्क परत करावे. याच खेपेतील इतर ब्लाइंडमध्ये बुश आहेत का, हेही तपासून कळवावे.

दोन तुटलेली टोके, उघड्या भोकांची छायाचित्रे व सेवा-अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे.

आपला,
एक ग्राहक