पऱ्हाट्यांच्या ढिगातली अळी

महोदय,

'यंदा थंडी कडक, अळी मरेल' असं आमच्याकडे पारावर हमखास ऐकू येतं. कपाशीची बोंडं पोखरणारी गुलाबी बोंडअळी इतकी भोळी नाही. दिवस लहान झाले, रात्री गारठल्या की ती वाढच थांबवते. किडक्या बोंडात, कधी सरकीच्या दोन बिया जोडून त्यांच्या पोटात सुप्तावस्थेत पडून राहते. खाणं बंद. हवामान मानवलं की कोष, मग पतंग. आपण मात्र फरदड ठेवतो (हंगाम सरला तरी जादा वेचणीसाठी कपाशी उभीच), पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) सरपणाला बांधावर रचतो, म्हणजे तिची आयतीच सोय. (सरपण लागतं, कबूल, पण किडकी बोंडं तरी झोडून जाळा.) पऱ्हाटीचा भुगा करणारं यंत्र जानेवारीतच गावोगावी भाड्याने मिळालं पाहिजे. पेरणीच्या तोंडावर नुसते सल्ले नकोत.

– एक कापूस उत्पादक, ता. आर्वी, जि. वर्धा