झेवियर्सचे जुने अंक रद्दीत घालू नका

महोदय,

धोबीतलावच्या सेंट झेवियर्स हायस्कूलचा विषय निघाला की सगळे सुनील गावसकरांपाशी येऊन थांबतात. त्यांचा अभिमान मलाही आहेच. पण १८६९ साली जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या फादरांनी ही शाळा उभी केली, पहिल्या महायुद्धात मुंबईतल्या जर्मन जेझुइटांना ब्रिटिश सरकारने नजरकैदेत टाकून मायदेशी धाडलं, तरी शाळा टिकली, हे मुलांना कोण सांगतं? मी ठाकूरद्वारहून चालत शाळेत जायचो. माझ्या बाकाला दौतीसाठी भोक होतं. त्याच्या कडेला मुरलेली निळी शाई अजून डोळ्यांसमोर आहे. गिरगावातल्या पोटमाळ्यांवर शाळेचे जुने वार्षिक अंक नक्की पडून असतील. कृपा करून ते रद्दीवाल्याला देऊ नका, शाळेत नेऊन द्या.

— एक माजी विद्यार्थी, गिरगाव