करार संपून सतरा महिने झाले, माझं घर मला कधी मिळणार?

प्रति,
मा. गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

काल दुपारी दीड वाजता मला चौदावी तारीख मिळाली. पहाटे पाचच्या एसटीने कराडहून निघाले होते आणि अकरापासून सक्षम प्राधिकाऱ्यांच्या, म्हणजे करार संपलेलं घर मालकाला परत मिळवून देण्याची प्रकरणं ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, दालनाबाहेर बसून होते. दीडला शिपाई येऊन म्हणाला, "साहेबांकडे दोन ठिकाणचा चार्ज आहे, आज बसणार नाहीत. 9 डिसेंबर लिहून घ्या." मी लिहून घेतली. प्रकरण प्रलंबित आहे म्हणून शहराचं नाव इथे देत नाही.

मी 63 वर्षांची, सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका आहे. ग्रॅच्युइटी, फंड आणि यजमानांच्या विम्याचे पैसे एकत्र करून 42 लाखांचा वन बीएचके घेतला. 1 ऑगस्ट 2023 पासून तो अकरा महिन्यांसाठी लिव्ह अँड लायसन्सवर दिला. महिना 14,000 रुपये, डिपॉझिट 50,000. नोटरीच्या कागदावर भागवलं नाही. मुद्रांक शुल्क भरलं, 1,000 रुपये नोंदणी शुल्क भरलं, दोघांचे अंगठे देऊन रीतसर नोंदणी केली, पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती कळवली. करार 30 जून 2024 ला संपला. गृहस्थ चांगल्या नोकरीत आहेत, खाली त्यांची चारचाकी उभी असते. ते घर सोडत नाहीत आणि जुलै 2024 पासून एक रुपयाही देत नाहीत.

सतरा महिन्यांचे 2,38,000 रुपये झाले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 24 सांगतं, की मुदत संपल्यावर राहणाऱ्याने दुप्पट दराने भरपाई द्यावी, म्हणजे 4,76,000. हा आकडा कागदावरच आहे. सोसायटीचा मेंटेनन्स मात्र मी दरमहा 2,200 भरते, कारण थकला तर नोटीस मला येते. वीज-पाणी तोडायला शेजारच्यांनी सुचवलं. ते कायद्याला मान्य नाही आणि मलाही नाही, त्या घरात लहान मूल आहे.

त्याच कलमात लिहिलंय, की लेखी करारात जे नमूद आहे तोच निर्णायक पुरावा. तरी समोरचे म्हणतात, "बाईंनी तोंडी मुदत वाढवून दिली होती." एवढ्या एका वाक्यावर त्यांना बाजू मांडायची परवानगी मिळाली. परवानगी दिल्यापासून शक्यतो सहा महिन्यांत निकाल द्यावा, असंही कायदाच म्हणतो. ते सहा महिने या मे महिन्यात संपले. चौदापैकी नऊ तारखांना अधिकारीच नव्हते. उद्या निकाल माझ्या बाजूने लागला तरी त्यांना पुनरीक्षण अर्जासाठी, म्हणजे तो निकाल वर पुन्हा तपासून मागायला, 90 दिवस आहेतच. तोवर माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन लांबणीवर. त्यासाठी याच भाड्यातून पैसे बाजूला टाकायचे ठरवले होते. बत्तीस वर्षं रात्रपाळ्या केल्या, त्या याच पायांवर.

माझ्या जुन्या वॉर्डातल्या दोघी आता निवृत्त होतायत. "आम्हीही फ्लॅट घेऊन भाड्याने देतो" म्हणतात. मी त्यांना खरा हिशेब मांडून दाखवला. वर्षाचं भाडं 1,68,000. त्यातून मेंटेनन्स 26,400, घरपट्टी सात हजारांच्या आसपास आणि एजंटचा एक महिना वजा करा. 42 लाखांवर तीन टक्केसुद्धा हाती पडत नाहीत. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत 8.2 टक्के मिळतात आणि तिथे कोणी कुलूप बदलत नाही. तरीही घर घ्यायचंच असेल तर करार नोंदवाच. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे, न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. भाडं बँकेतूनच घ्या. पंखे, गिझर, नळ सगळ्याची यादी करून सही घ्या. मुदत संपायच्या दोन महिने आधी लेखी पत्र द्या. आणि मुदतीनंतर "राहू दे महिनाभर" असं चुकूनही फोनवर बोलू नका, मी तेवढंच बोलले होते. सोसायटीने भाडेकरूपोटी जादा पैसे मागितले तर 1 ऑगस्ट 2001 चा शासन आदेश दाखवा, बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतलेले पैसे, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. हे सगळं मी ठेच लागल्यावर शिकले. नोंदणीच्या वेळी ही माहिती मालकाच्या हातात द्यायला तुमच्या सरकारला काय अडचण आहे?

केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 जून 2021 ला आदर्श भाडेकरू कायदा मंजूर करून राज्यांकडे स्वीकारण्यासाठी पाठवला. त्यात भाड्याच्या वादांसाठी वेगळी न्यायालयं आहेत, साठ दिवसांत निकालाचं बंधन आहे. घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त घ्यायचं नाही, हेही आहे. म्हणजे मी घेतलं ते डिपॉझिटसुद्धा त्यात बसत नाही. माझी हरकत नाही, भाडेकरूलाही संरक्षण हवंच. पण चार वर्षं उलटली, त्या साठ दिवसांचा माझ्यासारखीला काय उपयोग झाला?

दोष एकट्या तुमचा नाही, हे मला कळतं. मुंबईत 1940 ची भाडी गोठवून ठेवली, चाळी मोडकळीला आल्या, पागडीचा धंदा फोफावला. ती भाडी आता वाजवी राहिलेली नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाला 1997 मध्ये सांगावं लागलं, तेव्हा कुठे 1999 चा हा भाडे नियंत्रण कायदा आला. 2017-18 च्या आर्थिक पाहणीत रिकाम्या घरांमध्ये महाराष्ट्र देशात पहिला होता, सुमारे वीस लाख घरं. घर अडकेल या भीतीने लोक कुलूप लावून ठेवतात, आणि कामाला आलेली पोरं एका खोलीत सहा-सहा जण झोपतात.

मी नोकरीला लागले तेव्हा नवीन शहरात खोली शोधत अकरा दारं हिंडले होते. एकटी बाई, त्यात नर्स, रात्री-अपरात्री येणार. कोणी जात विचारली, कोणी तोंडावर दार लावलं. त्या दिवशी शपथ घेतली होती, की माझं घर झालं तर एकट्या मुलीला नाही म्हणणार नाही. परवा सोसायटीतल्या बाईंनी विचारलं, "घर सुटलं तर दोन नर्स मुली आहेत, देणार का?" मी गप्प राहिले. हे माझ्याकडून तुमच्या त्या रिकाम्या खुर्चीने करवून घेतलं, आणि त्याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे.

माझं मागणं थोडं आहे. त्या दालनाला पूर्णवेळ अधिकारी द्या. सहा महिन्यांवर गेलेल्या प्रकरणांची यादी दर महिन्याला जाहीर करा. निकाल लागेपर्यंत चालू भाडं प्राधिकाऱ्यांकडे जमा करायला लावा.

9 डिसेंबरला मी पुन्हा पाचच्या एसटीने निघणार आहे. त्या दिवशी खुर्चीत कोणी बसणार आहे की नाही, तेवढं मला 8 तारखेच्या संध्याकाळपर्यंत कळवा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, कराड
20 नोव्हेंबर 2025