सपाट प्रदेशातील पदभ्रमंती : रविवारी नियोजन बैठक

सर्व सदस्यांना नमस्कार. शेतीप्रदेशातून सहा दिवस चालायचे आहे. मार्ग ठरवायला रविवारी सायंकाळी ६ वाजता नेहमीच्या जागी बैठक आहे. पदभ्रमंतीला येणाऱ्या प्रत्येकाने बैठकीला हजर राहावे.

चढ नाही म्हणून वाट सोपी समजू नका. सपाटीवर दिवसभर तेच स्नायू राबतात, तळव्याचा तोच भाग घासतो आणि फोड येतात. नवे कोरे बूट नकोत. सावली क्वचितच, म्हणून पहाटेच निघू.

- रोज २० किमीपेक्षा जास्त नाही.
- कालव्यांवरचे पूल नकाशात आधी हेरा. एक चुकला तर मोठा वळसा पडतो.
- उभ्या पिकात कुणीही पाय टाकायचा नाही. बांधावरून एकामागे एक चाला.

कालव्याचे पाणी पिऊ नका. त्यात उतरलेली खते आणि कीटकनाशके उकळूनही जात नाहीत.