भोसरीच्या मामांना, एका रोबोटवालीकडून

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

हल्ली कॉलेजांमधून मला बोलावणं येतं. ‘संशोधनाकडून उद्योगाकडे’ असा काहीतरी विषय असतो. मुलं विचारतात, भांडवल कुठून उभं केलं, गाईड कोण होते, पेटंट घेतलं का. मी उत्तरं देते आणि ती खरीच असतात. पण रोबोटचे हात बनवणारी माझी कंपनी ज्या माणसामुळे उभी राहिली त्याच्याबद्दल कोणी विचारत नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. तुमचं किंवा तुम्ही ज्याचं मेंटेनन्स पाहिलंत त्या कारखान्याचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. भोसरी एमआयडीसीतले लोक ओळखायचं ते ओळखतील.

२००८ साली आशिया-पॅसिफिकची रोबोकॉन स्पर्धा पुण्यात झाली. यजमान आपण, म्हणून खेळ दहीहंडीवर बेतलेला होता. तेव्हापासून मला रोबोटचं वेड लागलं. पुढे एम.टेक., पीएच.डी., आणि विषय कायम एकच: यंत्राच्या हाताने वस्तू पकडायची कशी. आपण पेला उचलतो तेव्हा तो घसरतोय का हे बोटं सतत चाचपत असतात आणि पकड आपोआप घट्ट होते. यंत्राला हे शिकवणं फार अवघड. त्यावर मी पेपर लिहिले. पण प्रयोगशाळेत वस्तू कोरड्या असतात आणि उजेड ठरलेला असतो. तुमच्या शॉपमध्ये जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा तुकडा, तेलाने माखून येतो, त्यावर ट्यूब चमकते, कॅमेऱ्याला कड दिसत नाही, आणि तरीही हात तिन्ही पाळ्या चालायला हवा असतो.

मला माझा यंत्राचा हात तुमच्याकडे लावून बघायचा होता, मालक नको म्हणत होते. त्यांचं म्हणणं तसं रास्त होतं. रोबोट टाटा-बजाजने घ्यावेत, आपल्यासारख्या शॉपला ते झेपणार नाहीत. तेव्हा मेंटेनन्सकडून तुम्ही पुढे झालात. “साहेब, गुरुवारी मशीन बंदच असतं. लावू द्या पोरीला. काही झालं तर मी आहे.” गुरुवार म्हणजे सगळ्या भोसरीची सुट्टी, तुमचा घरी थांबायचा दिवस. तुम्ही डबा घेऊन यायचात आणि मी वायरिंग करत असताना शेजारी स्टूल टाकून बसायचात. ओळख ना पाळख, अशा पोरीसाठी स्वतःचा शब्द मालकांपुढे टाकणं म्हणजे काय, हे मला स्वतः लोकांचे पगार द्यायला लागल्यावर कळलं.

आणि तो हवेचा प्रकार. भाषणात त्याला जागा मिळत नाही म्हणून इथे नीट सांगते.

यंत्राच्या हाताने सीएनसीच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या, चकमध्ये (जॉब धरणाऱ्या जबड्यात) जॉब घालायचा आणि झालेला काढून ट्रेमध्ये ठेवायचा, एवढंच काम. दिवसभर सुरळीत चालायचं. पाळी सुटायच्या सुमाराला मात्र जॉब बोटांतून निसटायचा. रोज नाही, पण निसटला की त्याच वेळेला. मी कॅमेरा तपासला, प्रोग्रॅमच्या नोंदी चाळल्या, बोटांचं रबर बदललं. तुम्ही लॅपटॉपकडे पाहिलंसुद्धा नाहीत. एका संध्याकाळी एअर लाइनच्या, म्हणजे हाताची बोटं ज्या हवेच्या दाबावर मिटायची त्या लाइनच्या, गेजपाशी जाऊन उभे राहिलात आणि मला हाक मारलीत. “आता काट्याकडे बघ, आणि मग पोरांकडे बघ.” पाळी संपत आली होती आणि सगळे ऑपरेटर एअर गन घेऊन आपापल्या मशीनवरचा बर, म्हणजे धातूचा कीस, उडवत होते. काटा सहा बारवरून उतरत उतरत चारच्या आसपास आला. बोटं दाबणारा ३२ मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर ६ बारला साधारण ४८० न्यूटन जोर लावतो, ४ बारला तो ३२० वर येतो. तेलकट जॉब सुटणारच. हे गणित मी विद्यार्थ्यांना शिकवलेलं होतं. पण पाळी सुटताना शॉपमधली हवा कुठे जाते, हे त्या शॉपमध्ये हयात घालवलेल्या माणसालाच माहीत.

उपायही तुमचाच. हाताला स्वतःची छोटी टाकी द्यायची आणि तिच्या मागे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवायचा, म्हणजे लाइनचा दाब पडला तरी टाकीतली हवा मागे जात नाही. मी त्याला प्रेशर स्विच जोडला, दाब कमी असेल तर हात जॉब उचलतच नाही. बोटांमागे स्प्रिंग टाकली, हवा पूर्ण गेली तरी पकड सुटू नये म्हणून. आता आमचा एकही ग्रिपर, म्हणजे पकडणारा हात, या तीन गोष्टींशिवाय बाहेर पडत नाही. पावसाळ्यात फिल्टरच्या वाटीत साठलेलं पाणी रोज सोडायचं, ही तुमची शिस्त आमच्या मॅन्युअलच्या पहिल्या पानावर आहे. स्क्रीनवर नुसता एरर नंबर बघून तुम्ही म्हणाला होतात, “रात्री दोनला पोरगं हा नंबर कोणाला विचारणार?” आता तिथे मराठीत येतं: ‘हवेचा दाब कमी आहे. कॉम्प्रेसर बघा.’

जेवणाच्या सुट्टीत मी तुम्हाला रॉडनी ब्रुक्स यांच्याबद्दल सांगितलं होतं. ते अमेरिकेत एमआयटीला प्राध्यापक होते. १९९० मध्ये त्यांनी कॉलिन अँगल आणि हेलन ग्रायनर या तिथेच शिकलेल्या दोघांबरोबर आयरोबॉट कंपनी काढली, आणि केर काढणारा रूम्बा बाजारात आला २००२ मध्ये. तुमचा घास हातातच राहिला. “मग मधली बारा वर्षं पगार कशातून दिले?” इतका नेमका प्रश्न मला एकाही गुंतवणूकदाराने विचारलेला नाही. सरकारी संशोधनाची कामं, लष्करासाठीचे रोबोट, हॅस्ब्रोसाठी एक खेळण्यातली बाहुली, असं बरंच काही त्यांनी केलं, हे ऐकून तुम्ही म्हणालात, “मग तूही हाताला येईल ते काम घे.” तेवढ्यावर थांबला नाहीत. आसपासच्या शॉपमध्ये फोन करून मला जिग-फिक्स्चरची, म्हणजे मशीनवर जॉब धरून ठेवणाऱ्या साच्यांची, कामं मिळवून दिलीत. सुरुवातीचे पगार त्यातूनच निघाले.

ब्रुक्स यांच्या दुसऱ्या कंपनीचंही बोलणं झालं होतं. रीथिंक रोबोटिक्स २००८ मध्ये सुरू झाली, २०१२ मध्ये तिने बॅक्स्टर आणला, हात धरून काम शिकवता येईल असा दोन हातांचा रोबोट. सांध्यांत स्प्रिंग असल्यामुळे माणसाशेजारी तो सुरक्षित होता, पण अचूकपणात कमी पडायचा. २०१८ मध्ये कंपनी बंद झाली. मला वाटलं होतं तुम्ही म्हणाल, बघ, असं होतं. तुम्ही म्हणालात, “कंपनी गेली, पण हात धरून शिकवायची गोष्ट बरोबर होती.” आमच्या यंत्राला ऑपरेटर मनगटापाशी धरून जागा दाखवतो, त्याला प्रोग्रॅम लिहावा लागत नाही. हे त्या जेवणात ठरलं.

आणखी एक गोष्ट, आणि माझ्या लेखी ही सगळ्यात मोठी. हात कायमचा बसवायचं ठरलं तेव्हा त्या मशीनवरच्या मुलाचं काय, हे तुम्ही माझ्यासमोर मालकांना विचारलंत आणि उत्तर मिळेपर्यंत केबिनमधून हलला नाहीत. तो मुलगा इन्स्पेक्शनला गेला. त्याची वजन उचलून धरलेली पाठही सुटली. तेव्हापासून कोटेशन देण्याआधी मी हाच प्रश्न विचारते. काही ऑर्डर त्यामुळे गेल्या, आणि त्या गेल्या ते बरंच झालं असं मला मनापासून वाटतं.

मामा, तुम्ही केलंत त्याची परतफेड होणार नाही, आणि मी तसा प्रयत्नही करत नाही. फक्त मनापासून आभार मानते, चारचौघांत.

आता एक विनंती. आमच्याकडे नवे इंजिनिअर आले आहेत. हुशार आहेत, कोडिंग पक्कं आहे, पण कॉम्प्रेसरच्या खोलीत कधी पाऊल टाकलेलं नाही. त्यांना तुम्ही शिकवाल का? मानधन रीतसर मिळेल, आणि “राहू दे गं” मी ऐकून घेणार नाही. गुडघ्यांचं माहीत आहे, गाडी पाठवते. गुरुवार सोडून कुठलाही वार सांगा, गुरुवारी मामींना तुम्ही घरी हवे असता.

मामींना सा. न.

तुमची,
रोबोटवाली पोरगी